बेसिक, मधले की टॉप? छोट्या मोटारीची आवृत्ती निवडताना

घरात पहिली मोटार घ्यायची ठरली की चर्चा सुरू होते ती कंपनी आणि मॉडेल यांच्यावर. वॅगन-आर घ्यावी की टियागो, ऑल्टो पुरेल की आय१० बरी, यावर शेजारी, सहकारी आणि नातेवाईक यांची मते घेतली जातात. महिनाभराच्या खलानंतर मॉडेल नक्की होते आणि मंडळी शोरूममध्ये पोहोचतात. तेथे विक्रेता एक माहितीपत्रक पुढे ठेवतो. त्यात एकाच मोटारीचे चार-पाच रकाने असतात, प्रत्येक रकान्याला न उलगडणारी इंग्रजी अक्षरे असतात आणि पहिल्या व शेवटच्या रकान्यातील किमतीत दीड-दोन लाखांचे अंतर असते. ज्या निर्णयासाठी महिनाभर खल झाला त्याचा हा उत्तरार्ध मात्र चहाचा कप संपेपर्यंत उरकला जातो.

वस्तुतः अनेकदा मॉडेलच्या निवडीपेक्षा आवृत्तीची, म्हणजेच रूढ शब्दांत व्हेरिएंटची निवड अधिक महत्त्वाची ठरते. एकाच नावाच्या दोन मोटारी सुरक्षिततेच्या, सोयीच्या आणि खर्चाच्या दृष्टीने एकमेकींपासून फार दूर असू शकतात. ही निवड कशी करावी, कोठे पैसे घालावेत आणि कोठे हात आखडता घ्यावा, याचा हा आढावा.

अक्षरांचे गौडबंगाल

आवृत्ती म्हणजे एकाच सांगाड्यावर आणि बहुधा एकाच इंजिनावर उभी केलेली, पण साधनसामग्री कमी-अधिक असलेली मोटार. तिची नावे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठेवते. मारुतीच्या गाड्यांवर एलएक्सआय, व्हीएक्सआय आणि झेडएक्सआय ही अक्षरे दिसतात. त्यातील एल म्हणजे खालची, व्ही म्हणजे मधली आणि झेड म्हणजे वरची पायरी. शेवटची एक्सआय ही अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी आहेत. डिझेल गाड्यांवर त्यांच्या जागी डीआय असे. मात्र एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्यानंतर ही अक्षरे केवळ जुन्या गाड्यांवर उरली. ह्युंदाईने ग्रँड आय१० निऑससाठी एरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ आणि अस्टा अशी नावे घेतली. टाटांची टियागो २०१६ मध्ये आली ती एक्सई, एक्सएम, एक्सटी आणि एक्सझेड या क्रमाने, तर रेनोच्या क्विडला आरएक्सई, आरएक्सएल आणि आरएक्सटी अशी अक्षरे मिळाली. काही नावांपुढे अधिकचे चिन्ह असते, ते त्याच पायरीवरील थोड्या जास्त सामानाचे द्योतक होय.

या नावांना कोणतेही समान परिमाण नाही. एका कंपनीच्या मधल्या आवृत्तीत जे मिळते ते दुसरीच्या सर्वांत खालच्या आवृत्तीत असू शकते. त्यामुळे ‘टॉप मॉडेल’ किंवा ‘बेसिक मॉडेल’ या शब्दांवर विसंबून दोन कंपन्यांच्या गाड्यांची तुलना करणे फसवे ठरते. तुलना करायची ती नावांची नव्हे, तर सामानाच्या यादीची.

एके काळी हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा नव्हता. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या ग्राहकापुढे पुढे अनेक वर्षे मुख्य प्रश्न एकच असे, तो म्हणजे एसी हवा की नको. २००९ मध्ये आलेल्या टाटा नॅनोचेही तसेच होते. लाखभर रुपयांची म्हणून गाजलेली गाडी ही तिची सर्वांत साधी आवृत्ती होती आणि तिच्यात एसी नव्हता. त्यासाठी सीएक्स किंवा एलएक्स या वरच्या आवृत्त्यांकडे वळावे लागे. जाहिरातीतील किंमत एका गाडीची आणि प्रत्यक्षात घरी येणारी गाडी दुसरीच, हा अनुभव तेव्हाही होता आणि आजही आहे. ‘अमुक लाखांपासून पुढे’ या जाहिरातीतील ‘पासून’ हा शब्द म्हणूनच नीट वाचला पाहिजे.

२०१४ सालचा धडा

आवृत्तीचा प्रश्न केवळ संगीत यंत्रणा आणि चाकांच्या झळाळीचा नाही, हे भारतीय ग्राहकाला जानेवारी २०१४ मध्ये समजले. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींच्या सुरुवातीच्या, एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या घेतल्या आणि ताशी ६४ किलोमीटर वेगाने त्यांची समोरून धडक घडवून आणली. मारुती ऑल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या त्या पाच गाड्या. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले.

यातील पोलोची कहाणी विशेष बोलकी आहे. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या या गाडीच्या वरच्या आवृत्तीत दोन एअरबॅग मिळत असत. त्याच चाचणीत दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. गाडी तीच, कारखाना तोच, इंजिनही तेच. पण खालच्या आवृत्तीला शून्य आणि वरच्या आवृत्तीला चार! त्यानंतर कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो बाजारातून मागे घेतली.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. पोलो आणि फिगो यांचा सांगाडा धडकेनंतर स्थिर राहिला होता. उरलेल्या तिन्ही गाड्यांचा सांगाडा इतका कोलमडला की, त्यांच्यात एअरबॅग बसवल्या असत्या तरी फारसा उपयोग झाला नसता, असे संस्थेने नमूद केले. याचा अर्थ असा, की मूळ सांगाडा कच्चा असेल तर महागडी आवृत्ती घेऊन तो पक्का होत नाही. सांगाड्याचा विचार मॉडेल निवडतानाच करावा लागतो. आवृत्तीचा प्रश्न त्यानंतर येतो.

कायद्याने उचललेला खालचा उंबरठा

पुढील काही वर्षांत सरकारने एकेक साधन सर्व आवृत्त्यांसाठी सक्तीचे केले. अचानक ब्रेक दाबल्यावर चाके जागीच अडकू न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत बंधनकारक झाली. त्याच वर्षी १ जुलैपासून चालकासाठी एअरबॅग, पुढील दोन्ही आसनांसाठी सीटबेल्टची आठवण देणारा इशारा, वेगमर्यादेचा इशारा आणि मागील बाजूचे पार्किंग सेन्सर आले. चालकाशेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग १ जानेवारी २०२२ पासून सर्व मॉडेलांना लागू झाली. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदाही २०२२ मध्ये निघाला होता. पण तो आधी लांबणीवर पडला आणि २०२३ मध्ये ही सक्ती केली जाणार नसल्याचे सरकारने स्पष्ट केले. असे असले तरी काही कंपन्यांनी आपणहून हे पाऊल उचलले. मारुतीने २०२५ मध्ये ऑल्टो के१०, सेलेरिओ आणि वॅगन-आर यांच्या सर्व आवृत्त्यांत सहा एअरबॅग दिल्या.

नवी गाडी घेणाऱ्यासाठी याचा अर्थ दिलासादायक आहे. खालची आवृत्ती घेतली म्हणून एअरबॅग वा एबीएस यांना मुकण्याचे दिवस सरले. पण जुन्या बाजारातून गाडी घेणाऱ्यासाठी याच तारखा धोक्याच्या खुणा आहेत. २०१७ किंवा २०१८ सालची खालची आवृत्ती घेताना तिच्यात एअरबॅग आणि एबीएस असेलच असे गृहीत धरता येत नाही. त्या काळात काही गाड्यांच्या नावापुढे कंसात ‘ओ’ हे अक्षर असे. ऐच्छिक सुरक्षा साधने असलेली ती आवृत्ती. ऑल्टो ८०० च्या बाबतीत हे एक अक्षर म्हणजे चालकापुढील एअरबॅग होती. जुनी गाडी पाहताना स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅगची खूण आहे का आणि गाडी सुरू करताना एबीएसचा दिवा लागून विझतो का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये.

ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशी चाचणी सुरू झाली आहे. ती कंपन्यांना ऐच्छिक आहे. तिचे तारे पाहताना चाचणी कोणत्या आवृत्तीची झाली आणि ते गुणांकन कोणकोणत्या आवृत्त्यांना लागू आहे, हेही वाचावे. निकालपत्रात ही माहिती दिलेली असते. चाचणी जुन्या घडणीच्या गाडीची आणि विक्री नव्या घडणीच्या गाडीची, असाही प्रकार असू शकतो. म्हणून चाचणीचे वर्ष पाहणेही आवश्यक आहे.

फरक साठ हजारांचा की त्र्याऐंशी हजारांचा?

आता पैशाकडे वळू. दोन आवृत्त्यांमधील फरक माहितीपत्रकात एक्स-शोरूम किमतीत दाखवलेला असतो. तो फरक उदाहरणादाखल ६० हजार रुपये धरू. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या, व्यक्तीच्या नावे नोंदवलेल्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के एकरकमी वाहन कर लागतो. म्हणजे या फरकावर ६ हजार ६०० रुपये कर आला आणि रक्कम ६६ हजार ६०० झाली.

बहुतेक ग्राहक कर्ज घेतात, आणि स्वतःजवळची रक्कम ठरलेली असल्याने वरच्या आवृत्तीचा सारा वाढीव भार कर्जावरच पडतो. ही रक्कम ९ टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायची तर दरमहा सुमारे १ हजार ३८० रुपये हप्ता वाढतो आणि एकूण परतफेड ८३ हजारांच्या घरात जाते. विम्याचा वाढीव हप्ता त्याखेरीज, कारण विम्यातील गाडीचे मूल्य तिच्या किमतीवरच ठरते. शोरूममध्ये ‘महिन्याला फक्त हजार-बाराशे जास्त’ असे सांगितले जाते तेव्हा बहुधा कर्जाची मुदत सात वर्षांची धरलेली असते. ९ टक्के दराने एक लाखाच्या कर्जावर पाच वर्षांत सुमारे २४ हजार ५०० रुपये व्याज जाते, तर सात वर्षांत ३५ हजार. हप्ता लहान दिसतो आणि गाडी महाग पडते.

आवृत्तीबरोबर इंजिन बदलत असेल तर आणखी एक फरक पडतो. २०१९ साली आलेल्या वॅगन-आरमध्ये एलएक्सआयला ९९८ सीसीचे, तर झेडएक्सआयला ११९७ सीसीचे इंजिन होते. तृतीय पक्ष विम्याचे दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतात. नव्या मोटारीसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या गाडीला तो ६ हजार ५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १० हजार ६४० रुपये होता. रक्कम फार मोठी नाही, परंतु माहितीपत्रकात ती कोठेच दिसत नाही.

या सर्व हिशेबाच्या दुसऱ्या बाजूलाही एक नोंद हवी. गाडी विकायला काढली की वरच्या आवृत्तीसाठी मोजलेले जादा पैसे त्या प्रमाणात परत मिळत नाहीत. साधारणतः सात-आठ वर्षांच्या गाडीचा भाव ठरतो तो मॉडेल, वर्ष, धावलेले किलोमीटर, कितवा मालक आणि गाडीची अवस्था यांवर. आवृत्तीचा क्रमांक त्यानंतर लागतो. त्यातही गाडीतील इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांत आधी जुनी होतात. आज नवलाचा वाटणारा टचस्क्रीन आठ वर्षांनी जुन्या मोबाइलसारखा दिसतो. उंची जुळवता येणारे आसन मात्र आठ वर्षांनीही तेवढेच उपयोगी असते.

नंतर काय बसवता येते?

निवडीची खरी किल्ली या प्रश्नात आहे. माहितीपत्रकातील सामानाची तीन गटांत विभागणी केली, तर बराचसा गोंधळ मिटतो.

पहिला गट, नंतर बसवताच येत नाहीत अशा गोष्टींचा. एअरबॅग, एबीएस, गाडी घसरू लागल्यास तिला सावरणारी ईएसपी यंत्रणा, चढावर गाडी मागे येऊ न देणारी व्यवस्था, मागील आसनांचे तीन बिंदूंचे पट्टे, मोठे इंजिन आणि स्वयंचलित गिअर या त्या गोष्टी. यांचा गाडीच्या रचनेशी किंवा तिच्या संगणकाशी संबंध असतो. बाहेरच्या दुकानात कोणी ‘बसवून देतो’ म्हणाले तरी त्या वाटेला जाऊ नये. आपल्या निवडलेल्या मॉडेलमध्ये यातील एखादी गोष्ट केवळ वरच्या आवृत्तीत असेल आणि ती आपल्याला हवी असेल, तर वरच्या आवृत्तीचे पैसे सार्थकी लागतात.

दुसरा गट, नंतर बसवता येतात पण खर्चिक किंवा कटकटीच्या ठरतात अशा गोष्टींचा. मागील काचेवरील वायपर आणि काचेवरील बाष्प घालवणारा डीफॉगर यांसाठी काच वा दरवाजा बदलण्यापर्यंत वेळ येते. चालकाच्या आसनाची उंची जुळवण्याची सोय, वर-खाली होणारे स्टिअरिंग आणि मागील आसनांवरील स्वतंत्र डोकेटेक हेही याच गटात मोडतात. माहितीपत्रकात या गोष्टी शेवटच्या ओळींत असतात आणि विक्रेता त्यांच्याविषयी क्वचितच बोलतो. वास्तविक रोजच्या वापरात त्यांचेच महत्त्व जाणवते. घरात पती आणि पत्नी दोघेही गाडी चालवत असतील आणि दोघांच्या उंचीत अर्ध्या फुटाचा फरक असेल, तर आसनाची उंची जुळवण्याची सोय ही चैन नव्हे, ती गरज आहे. बॉनेटपुढचा रस्ता नीट दिसणे हीच सुरक्षिततेची पहिली पायरी असते. मुंबई आणि कोकणातील चार महिन्यांच्या पावसात मागील वायपर व डीफॉगर यांचेही तसेच आहे.

तिसरा गट, सहज आणि स्वस्तात बसवता येणाऱ्या गोष्टींचा. संगीत यंत्रणा, स्पीकर, मागचा कॅमेरा, आसनांची आवरणे, पायाखालचे गालिचे, चाकांवरील झाकणे आणि मोबाइल चार्जिंगची सोय या त्या गोष्टी. केवळ यांच्यासाठी वरची पायरी चढण्यात शहाणपण नाही. मात्र दोन पथ्ये पाळावीत. कंपनीच्या तारा कापून केलेली जोडणी टाळावी; तिच्यामुळे विद्युत यंत्रणेत बिघाड झाल्यास वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो. आणि बाहेरून बसवलेल्या महागड्या उपकरणांची नोंद विमा कंपनीकडे करावी. नोंद नसलेल्या उपकरणाची भरपाई मिळत नाही.

अलॉय चाकांविषयी एक शब्द. ती दिसायला देखणी असतात यात वाद नाही. पण खड्ड्यात आपटल्यावर लोखंडी रिम ठोकून सरळ करता येते, अलॉयला तडा गेला तर बहुधा ते बदलावेच लागते. आपल्या रस्त्यांचा अनुभव लक्षात घेता साधी चाके हा उणेपणा मानण्याचे कारण नाही. टायरचे माप मात्र पाहावे. काही मॉडेलांत खालच्या आवृत्तीला १३ इंची, तर वरच्या आवृत्तीला १४ इंची चाके असतात. रुंद टायरची रस्त्यावरील पकड अधिक असते. बदलताना तो महागही पडतो.

स्वयंचलित गिअर आणि सीएनजी

फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी म्हणजे क्लचविना चालणारी, तुलनेने स्वस्त गिअर व्यवस्था भारतात आली आणि छोट्या मोटारींत स्वयंचलित गिअर आवाक्यात आला. मात्र अनेक मॉडेलांत तो सर्वांत खालच्या आवृत्तीत मिळत नाही. म्हणजे ज्याला केवळ गिअर हवा आहे त्याला सोबतचे इतर सामानही घ्यावे लागते. रोज दोन-दोन तास शहरातील वाहतुकीत घालवणाऱ्यांना, तसेच गुडघेदुखी असणाऱ्यांना हा खर्च परवडतो. महिन्यातून दोनदा गावी जाण्यापुरती गाडी काढणाऱ्याने तो करावाच असे नाही.

सीएनजीचे गणित वेगळे आहे. कंपनीने बसवलेले सीएनजी किट ठरावीक आवृत्त्यांतच मिळते आणि पुष्कळदा सर्वांत वरच्या आवृत्तीत मिळत नाही. बाहेरून किट बसवले तर नोंदणी पुस्तकात आरटीओकडून त्याची नोंद करून घ्यावी लागते आणि इंजिनाच्या वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी दोन्ही प्रकारांत करावी लागते. सिलिंडर डिकीची जागा खातो, हेही विसरता कामा नये. २०२३ मध्ये टाटांनी टियागोत एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून त्यावर काही प्रमाणात तोडगा काढला. रोजची धाव मोठी असेल तर सीएनजीची साधी आवृत्ती ही पेट्रोलच्या सजवलेल्या आवृत्तीपेक्षा हिताची ठरते. महिन्याकाठी तीन-चारशे किलोमीटरच गाडी फिरणार असेल, तर किटचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षे लागतात.

लहान गाडीची टॉप की मोठीची बेसिक?

ही नेहमीची कोंडी आहे. छोट्या गाडीची सर्वांत वरची आणि तिच्याहून मोठ्या गाडीची सर्वांत खालची आवृत्ती यांच्या किमती जवळजवळ सारख्याच येतात. येथे सर्वांना लागू पडेल असा नियम नाही. पण एक विचार उपयोगी पडतो. मोठ्या गाडीबरोबर मिळणारी जागा, डिकी, इंजिनाची ताकद आणि अधिक भक्कम सांगाडा या पहिल्या गटातील, म्हणजे नंतर न मिळणाऱ्या गोष्टी आहेत. छोट्या गाडीच्या वरच्या आवृत्तीतील बरेचसे सामान तिसऱ्या गटातील असते. म्हणून घरात पाच माणसे असतील, वृद्ध आई-वडील सोबत असतील किंवा घाटातून वारंवार प्रवास होत असेल, तर मोठ्या गाडीची साधी आवृत्ती सरस ठरण्याची शक्यता अधिक. दोघांचेच कुटुंब असेल, गाडी शहरातच फिरणार असेल आणि इमारतीत गाडी लावायची जागा अरुंद असेल, तर छोटी गाडीच बरी; तिच्यात हव्या त्या सोयी घेता येतात.

मधली आवृत्ती हा ‘सुवर्णमध्य’ असल्याचे विक्रेते सांगतात. पुष्कळदा ते खरे असते, कारण मागील काचांची बटणे, सेंट्रल लॉकिंग आणि गाडीच्या आतून जुळवता येणारे आरसे या रोजच्या उपयोगाच्या सोयी बऱ्याच मॉडेलांत मधल्या पायरीवर सुरू होतात. पण नेहमीच तसे असेल असे नाही. काही मॉडेलांत खालची आणि मधली यांत फरक केवळ रंगसंगतीचा व संगीत यंत्रणेचा असतो. उपयोगाच्या गोष्टी थेट वरच्या आवृत्तीत असतात. अशा वेळी एकतर खालची किंवा थेट वरची घेणे श्रेयस्कर. यादी ओळीने वाचल्याखेरीज हे कळत नाही.

शोरूममध्ये जाण्यापूर्वी

घरीच एका कागदावर आपल्याला हव्या असलेल्या पाच गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने लिहाव्यात. त्या पाचही गोष्टी असलेली सर्वांत खालची आवृत्ती कोणती, हे शोधावे. तीच आपली आवृत्ती. तिच्यावरच्या पायरीवर आणखी काय मिळते हा प्रश्न त्यानंतर विचारावा, आधी नव्हे.

शोरूममध्ये पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

- चाचणीसाठी दिलेली गाडी बहुधा सर्वांत वरची आवृत्ती असते. आपण घेणार त्या आवृत्तीत बसून पाहावे. ती समोर नसेल तर विक्रेत्याला तशी व्यवस्था करण्यास सांगावे.
- प्रत्येक आवृत्तीची ऑन-रोड किंमत बाबवार लिहून घ्यावी. एक्स-शोरूम किंमत, वाहन कर, नोंदणी शुल्क, विमा आणि सुटे सामान या बाबी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. ‘हँडलिंग’ किंवा तत्सम नावाची रक्कम हा सरकारी कर नव्हे. ती कशासाठी आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.
- विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचे दर मागवून तुलना करावी.
- सवलत कोणत्या आवृत्तीवर आहे हे पाहावे. जी आवृत्ती खपत नाही तिच्यावर अधिक सवलत असू शकते, आणि सवलतीपोटी नको असलेले सामान गळ्यात पडू शकते.
- बुकिंगच्या पावतीवर मॉडेलबरोबर आवृत्तीचे संपूर्ण नाव, इंधन, गिअरचा प्रकार आणि रंग लिहून घ्यावा. गाडी ताब्यात घेताना हीच माहिती बिलावरून आणि उत्पादनाचा महिना गाडीवरील पट्टीवरून ताडून पाहावा.

शेवटचा मुद्दा मुहूर्ताचा. गुढीपाडवा, दसरा आणि दिवाळीचा पाडवा या दिवशी गाडी दारात यावी अशी आपल्याकडे अनेकांची इच्छा असते. या दिवसांत मागणी वाढते आणि हवी ती आवृत्ती उपलब्ध नसते. ‘मुहूर्तावर हवी असेल तर हीच आहे’ असे ऐकले की वरचे चाळीस हजार सहज मोजले जातात, किंवा हवी असलेली सोय सोडून दिली जाते. यावर उपाय साधा आहे. दीड-दोन महिने आधी आवृत्ती ठरवून नोंदणी करावी. आणि तरीही ती वेळेत आली नाही, तर पुढचा चांगला दिवस पाहावा. मुहूर्त दरवर्षी येतात. गाडीबरोबर मात्र पुढली आठ-दहा वर्षे काढायची असतात, आणि त्या वर्षांत तिच्यात घरची माणसे बसणार असतात. माहितीपत्रकाच्या रकान्यांवर एक संध्याकाळ घालवायला एवढे कारण पुरेसे आहे.